विदूषक माशांचा संसार

खाऱ्या पाण्यांतील रंगीत मासे घरच्या कांचेच्या टांकींत पाळण्याची हौस आतां शहरांतील सुशिक्षित कुटुंबांतून बरीच रुजली आहे. मुंबईस १९५१ सालीं तारापोरवाला मत्स्यालय उघडलें, आणि पुढें अनेक पिढ्यांतील मुलांनीं तेथील कांचेला नाक लावून समुद्राच्या पोटांतले रंग पाहिले. परंतु तोच समुद्र दिवाणखान्यांत आणणें त्या काळीं फारशा कोणाच्या आवांक्यांतलें नव्हतें. पुढें विजेवर चालणारे पंप, पाणी गाळण्याचीं साधनें आणि गोड्या पाण्यांत मिसळले असतां समुद्राचें पाणी तयार व्हावें असे क्षार बाजारांत मिळूं लागले, तेव्हां ही हौस घरांत शिरली. त्यांतच २००३ सालीं 'फाइंडिंग निमो' हा अमेरिकन चित्रपट निघाला आणि नारिंगी अंगावर तीन पांढरे पट्टे असलेला एक चिमुकला मासा घरोघरच्या मुलांच्या परिचयाचा झाला. खाऱ्या पाण्याची टांकी मांडणाऱ्याचा पहिला मासा आज बहुधा हाच असतो.

इंग्रजींत त्याला क्लाउन फिश म्हणतात. त्यावरून मराठींत तो विदूषक मासा झाला. हें नांव त्याच्या रंगावरून पडलें, स्वभावावरून पडलें नाहीं. संस्कृत नाटकांतला विदूषक खादाड, भित्रा आणि कलहाच्या प्रसंगीं राजाच्या पाठीमागें दडणारा असा असतो. हा मासा खादाड आहे खरा. परंतु भित्रेपणाचा त्याला स्पर्शहि नाहीं. आपल्या वीतभर जागेच्या रक्षणासाठीं तो स्वतःहून कितीतरी मोठ्या माशावर, किंबहुना पाणबुड्याच्या हातावरसुद्धां, धांवून जातो. बाहेरच्यांशीं तो जितका कडवा, तितकाच घरांतल्या घरांतहि मानापमानाविषयीं जागरूक असतो; आणि घरच्या टांकींतील बहुतेक दुःखद प्रसंगांचें मूळ या दुसऱ्या गोष्टींत असतें.

तो प्रसंग सामान्यतः असा घडतो. दुकानांतल्या मोठ्या टांकींत चाळीस-पन्नास विदूषक मासे गोडीगुलाबीनें पोहत असतात. एकटा मासा कंटाळेल म्हणून दोन घ्यावयाचे ठरतें. आणि जोडी शोभून दिसावी म्हणून दोन्ही चांगले मोठे, एकाच आकाराचे निवडले जातात. घरीं आल्यावर पहिला दिवस शांततेंत जातो. दुसऱ्या दिवशीं एक मासा दुसऱ्याचा पाठलाग करूं लागतो. मुलें म्हणतात, ते खेळत आहेत. चौथ्या-पांचव्या दिवशीं त्यांतला एक पाण्याच्या पृष्ठभागाशीं, कोपऱ्यांत, फाटक्या परांनीं कसाबसा तरंगत असतो आणि आठवडा संपण्यापूर्वीं मरतो. घरांत हळहळ होते. पाणी तपासलें जातें, तर तें निर्दोष निघतें. मग दुकानदारानें आजारी मासा गळ्यांत बांधला असा निष्कर्ष काढून त्याच आकाराचा आणखी एक मासा आणला जातो, आणि त्याचीहि तीच गत होते. वास्तविक मासा निरोगी होता आणि पाणीहि चांगलें होतें. ज्या समाजांतून तो आला होता त्या समाजाचा कायदा मात्र त्याला घरीं आणणारांस ठाऊक नव्हता.

हा कायदा समजून घ्यावयाचा तर प्रथम त्या माशाचें मूळचें घर पाहिलें पाहिजे. विदूषक माशांच्या सुमारें तीस जाती हिंदी व पॅसिफिक महासागरांच्या उष्ण भागांत आढळतात; अटलांटिक महासागरांत त्यांतली एकहि नाहीं. टांकींत सर्वाधिक दिसणारी जात 'ऑसेलारिस' ही असून ती अंदमानच्या समुद्रापासून पूर्वेकडे पसरलेली आहे. तिच्यासारखीच दिसणारी 'पर्क्युला' ही जात पापुआ न्यू गिनी, सॉलोमन बेटें व क्वीन्सलंड या बाजूची. हे सर्व मासे समुद्रफुलांत राहतात. समुद्रफूल हें नांवाचेंच फूल. वस्तुतः तो खडकास चिकटून बसणारा प्राणी असून त्याच्या पाकळ्यांप्रमाणें दिसणाऱ्या सोंडांत विषाच्या सूक्ष्म नळ्या असतात, व त्यांच्या दंशानें लहान मासे लुळे पडतात. विदूषक माशाच्या अंगावरील बुळबुळीत आवरणामुळें त्याला मात्र हा दंश बाधत नाहीं. कथबर्ट कॉलिंगवुड या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञानें चीनच्या समुद्रांत हा प्रकार पाहून १८६८ सालीं त्याची नोंद प्रसिद्ध केली. मासा समुद्रफुलाच्या सोंडा खाणाऱ्या शत्रूंना हांकून लावतो आणि त्याच्या मलमूत्रावर समुद्रफुलाच्या शरीरांतील सूक्ष्म शैवालांचें पोषण होतें; उलट समुद्रफूल माशाला अभय देतें.

हें अभय मात्र घराच्या उंबरठ्यापर्यंतच असतें. विदूषक मासा पोहण्यांत मंद, आणि रंग तर असा कीं दुरून दिसावा. समुद्रफुलापासून दूर गेलेला मासा शिकारी माशांच्या तोंडीं पडलाच म्हणून समजावें. समुद्रफुलें मोजकीं, त्यांतल्या जागा त्याहूनहि मोजक्या. दाटीच्या शहरांत खोलीसाठीं जी ओढाताण चालते, तिची कल्पना ज्यांना आहे त्यांना या माशाच्या स्वभावाचें आश्चर्य वाटूं नये. बाहेर मृत्यु आणि आंत मर्यादित जागा अशा स्थितींत रोजचें भांडण कोणालाच परवडणारें नसतें. म्हणून या माशांनीं ज्येष्ठ-कनिष्ठतेची एक कडक पद्धति स्वीकारलेली आहे.

एका समुद्रफुलांत सर्वांत मोठा मासा ही मादी असते. तिच्याहून लहान तो तिचा नर. त्यांच्याखालीं कधीं एकहि नाहीं, तर कधीं तीन-चारपर्यंत आणखी लहान मासे असतात. ते नरहि नव्हेत आणि माद्याहि नव्हेत. ते या जोडप्याचीं मुलें असतील असें सहज वाटतें, परंतु तसें नसतें. अंड्यांतून निघालेलीं पिलें प्रवाहाबरोबर वाहून जातात आणि दुसरीकडे कोठें तरी वस्ती करितात. घरांतले हे कनिष्ठ सभासद परके असून मोकळ्या जागेची वाट पाहात थांबलेले उमेदवार असतात. मादी मेली कीं नर मादी होतो, उमेदवारांतला पहिला नर बनतो आणि बाकीचे एकेक पायरी वर सरकतात. हान्स व सिमोन फ्रिके या जर्मन दांपत्यानें १९७७ सालीं 'नेचर' या नियतकालिकांत ही लिंगबदलाची व्यवस्था मांडली, आणि ज्येष्ठ मादीच्या दराऱ्यामुळेंच नराचें मादींत रूपांतर रोखलें जातें, असें दाखविलें. मराठी रंगभूमीवर पुरुषांनीं स्त्रीभूमिका वठवून रसिकांना वेड लावल्याचा इतिहास सर्वश्रुत आहे. परंतु येथें भूमिका नाहीं, साक्षात् देहच पालटतो. पहिल्यानें मेंदूंत पालट होतो, मागाहून शरीरांत. इलिनॉय विद्यापीठांतील संशोधकांनीं २०१९ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत वर्चस्व मिळविलेल्या ऑसेलारिस माशांच्या मेंदूचा एक भाग मादीसारखा झालेला आढळला. त्या वेळीं त्यांचे जननेंद्रिय अद्यापि नराचेंच होतें. एकदां झालेली मादी मात्र पुन्हां नर होऊं शकत नाहीं. या एका वाक्यावर घरच्या टांकीचें सर्व शास्त्र उभें आहे.

पीटर बस्टन या शास्त्रज्ञानें पापुआ न्यू गिनीच्या किनाऱ्यावर पर्क्युला माशांच्या अनेक वस्त्यांचीं मोजमापें घेतलीं व २००३ सालीं एक चमत्कारिक गोष्ट पुढें आणली. प्रत्येक कनिष्ठ मासा आपल्या लगतच्या ज्येष्ठाहून ठराविक प्रमाणांत लहान असतो. त्याची लांबी ज्येष्ठाच्या लांबीच्या साधारण चार-पंचमांश भरते. अन्न मिळत नाहीं म्हणून तो लहान राहतो असें नव्हे. तो आपली वाढ आवरून धरतो. वरच्याच्या बरोबरीला आला तर तो प्रतिस्पर्धी ठरेल आणि हांकलला जाईल. लहान राहिला तर त्याला घरांत जागा मिळेल व पुढेंमागें वारसाहि मिळेल. अलीकडे, २०२५ सालीं, त्याच देशांतील किंबे उपसागरांत झालेल्या पाहणीचा निष्कर्ष तर याहूनहि विलक्षण आहे: समुद्राचें पाणी अतोनात तापलें असतां पाहणींतील बहुसंख्य मासे लांबीनें आखडले, आणि जीं जोडपीं बरोबरीनें आखडलीं त्यांचा निभाव अधिक चांगला लागला. माशाची लांबी म्हणजे त्याच्या समाजांतील दर्जा; आणि हा दर्जा संभाळण्याकरितां तो स्वतःचा देह वाढवितो किंवा थांबवितो.

हा दर्जा एकमेकांना कळविण्याची त्यांची भाषाहि ऐकण्यासारखी आहे. ऐकण्यासारखी हा शब्द येथें शब्दशः घ्यावयाचा. बेल्जममधील एरिक पारमांतिए व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००७ सालीं दाखविलें कीं, विदूषक मासा जबडे झटक्यानें मिटून दांतावर दांत आपटतो व त्यांतून टकटक असा आवाज काढतो. मासा मोठा असेल तर आवाज खालच्या पट्टींत लागतो, लहान असेल तर वरच्या. म्हणजे डोळ्यांनीं न पाहतांहि समोरच्याचें वजन ओळखतां यावें. आवाजाच्या जोडीला अंगविक्षेप असतात. ज्येष्ठ मासा पर ताणून अंगावर येतो, क्वचित् चावा घेतो. कनिष्ठ मासा डोकें किंचित् खालीं करून एका अंगावर कलतो आणि सबंध शरीर थरथरवितो. नवख्या पाळणाराला ती आंकडी वाटते व तो घाबरतो. वास्तविक ती शरणागति असते. "तुम्ही मोठे, मी लहान" एवढाच तिचा अर्थ. ही थरथर दिसली म्हणजे निम्मी चिंता मिटली असें समजावें, कारण विदूषक माशांचा विवाह या वंदनापासूनच सुरू होतो.

आतां दुकानांतल्या त्या दोन सारख्या मोठ्या माशांकडे पुन्हां पाहिलें असतां काय घडलें असेल याचा उलगडा होतो. चाळीस-पन्नासांच्या दाटींत कोणा एकाला वर्चस्व मिळविणें शक्यच नसतें. मार सर्वांत वांटला जातो आणि म्हणून शांतता भासते. त्यांतून दोन वेगळे काढले कीं वांटणी संपते. ते दोघे वयानें आलेले असतील आणि मादी होण्याच्या वाटेवर असतील, तर एका म्यानांत दोन तलवारी घातल्यासारखें होतें. दोन प्रौढ माद्यांपैकीं एकीला माघार घ्यावयाची म्हटली तरी घेतां येत नाहीं, कारण तिला नर होण्याची वाटच बंद झालेली असते. समुद्रांत हरलेली मादी निदान घर सोडून पळूं तरी शकते. टांकींत पळून जाणार कोठें? चारहि दिशांना कांच. म्हणून येथील सवतीमत्सराचा शेवट मृत्यूंतच होतो.

यावरून जोडी निवडण्याचें तत्त्व आपोआप निघतें. दोन्ही मासे एकाच जातीचे असावेत आणि शक्यतों दोन्ही कोंवळे असावेत, म्हणजे दोघांचेंहि भवितव्य अद्यापि ठरलेलें नसतें. आकारांत मात्र नजरेंत भरेल असा फरक पाहिजे. एक तीन सेंटिमीटरांचा असेल तर दुसरा साडेचार-पांचांचा असावा. दोन सारखीं पिलें एकत्र वाढविलीं तरीहि जोडी जमते, कारण दोघांपैकीं एक हळूहळू पुढें जातो व दुसरा मागें राहतो. त्यांत पाठलाग थोडा अधिक दिवस चालतो, इतकेंच. घरीं आधींपासून एकटा मासा असेल आणि तो मोठा झालेला असेल, तर तो मादी झालेला आहे असें गृहीत धरून त्याच्याहून पुष्कळ लहान मासा आणावा. मोठ्याला तोलाचा जोडीदार हवा ही माणसांची समजूत येथें लागू पडत नाहीं. तयार जोडी म्हणून अधिक दामानें मासे विकले जातात. तशी जोडी घ्यावयाचीच तर दुकानांत पांच-दहा मिनिटें उभें राहून दोघांच्या आकारांत फरक आहे कीं नाहीं, लहान मासा मोठ्यापुढें थरथरतो कीं नाहीं आणि दोघे एकाच कोपऱ्यांत विसांवतात कीं नाहीं, हें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावें.

जातीजातींतहि स्वभावाचें अंतर फार आहे. ऑसेलारिस व पर्क्युला हे त्यांतल्या त्यांत सौम्य. पाठीवरून एकच पांढरी रेघ गेलेले गुलाबी 'स्कंक' मासेहि शांत. 'क्लार्की' व 'टोमॅटो' हे तापट. गालावर कांटा असलेला, तपकिरी-तांबडा 'मरून' मासा सर्वांत उग्र. त्याची मादी नराच्या कित्येक पटींनीं मोठी होते आणि वर्षानुवर्षें सुखानें नांदलेल्या नराला एके दिवशीं ठार मारिते, असा अनुभव पाळणारांना येतो. नवशिक्यानें त्याच्या वाटेस जाऊं नये हेंच बरें. दोन निरनिराळ्या जाती एका लहान टांकींत ठेवण्याचा मोहहि टाळावा. ओकिनावा येथील विज्ञानसंस्थेंत किना हायाशी व सहकाऱ्यांनीं केलेल्या, २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असें आढळलें कीं, ऑसेलारिस मासे समोरच्याच्या अंगावरील पांढऱ्या पट्ट्यांची संख्या ओळखतात आणि आपल्यासारखेच तीन पट्टे असलेल्यावर सर्वाधिक त्वेषानें तुटून पडतात. परक्याचा राग कमी आणि भाऊबंदाचा अधिक, हा न्याय माणसांना अपरिचित नाहीं. तथापि कमी राग म्हणजे राग नाहीं असें नव्हे. लहान टांकींत तेवढाहि पुरेसा होतो.

नव्या माशाचा गृहप्रवेश घाईनें करूं नये. सर्वांत सुरक्षित उपाय म्हणजे त्याला प्रथम भोंकें पाडलेल्या पारदर्शक डब्यांत घालून तो डबा टांकींतच टांगावा, किंवा टांकीच्या मधोमध जाळीचा पडदा बसवावा. दोघे एकमेकांस पाहतात, पाण्यांतून एकमेकांचा गंध घेतात, परंतु चावा घेऊं शकत नाहींत. पहिल्या दिवशीं ज्येष्ठ मासा डब्यावर धडका देतो. आठवडाभरानें धडका थांबल्या आणि आंतला लहान मासा त्याला पाहून थरथरूं लागला कीं पडदा काढावा. आणि तोहि संध्याकाळीं, दिवे मालवल्यावर. त्याच वेळीं आंतले दगड हलवून मांडणी बदलली तर अधिक बरें, कारण जुन्या माशाची आपल्या हद्दीविषयींची खात्री त्यामुळें थोडी डळमळते. पहिले कांहीं दिवस खाणें टांकीच्या दोन टोकांस टाकावें, म्हणजे लहान मासा उपाशी राहणार नाहीं.

यापुढें खरी कसोटी पाहणाराच्या संयमाची असते. पाठलाग, धाक, अधूनमधून चिमटा, एखाद्या पराची किनार फाटणें, हें सर्व होणारच. निरोगी माशाचे फाटलेले पर कांहीं दिवसांत भरून येतात. प्रत्येक भांडणाला घाबरून मासे वेगळे केले तर ज्येष्ठ-कनिष्ठतेचा निकाल लागतच नाहीं आणि पुन्हां एकत्र येतांच तोच खटला पहिल्यापासून सुरू होतो. दयाळू माणसें येथेंच चुकतात. परंतु कांहीं खुणा दिसतांच क्षणाचाहि विलंब लावूं नये. लहान मासा रात्रंदिवस पृष्ठभागाच्या कोपऱ्यांत दडून राहणें, खाणें सोडणें, त्याचे कल्ले धापा टाकल्याप्रमाणें हालणें, पर दररोज नव्यानें फाटणें, किंवा दोघांनीं एकमेकांचे जबडे तोंडांत पकडून झुंजणें, यांपैकीं कांहींहि दिसलें तर दोघांना तत्काळ विलग करावें. अशा वेळीं मार खाणाऱ्याला बाहेर काढण्याची रीत आहे. अधिक गुण येतो तो मारणाऱ्याला आठ दिवस डब्यांत कोंडल्यानें. तेवढ्या अवधींत लहान मासा घरांत रुळतो, लपण्याच्या जागा हेरतो. आणि कोंडलेला मासा बाहेर येतो तो थोडा नवख्यासारखा. इतकें करूनहि जमलें नाहीं तर ती जोडी जमणारी नव्हे असें मानून दुसरा, आणखी लहान मासा पाहावा.

पांच-सहा पिलें एकत्र आणून त्यांतून जोडी आपोआप निवडूं द्यावी, अशीहि एक रीत आहे. जोडी निश्चित जमते, यांत शंका नाहीं; पण उरलेल्यांचें काय करावयाचें याचा विचार आधीं झालेला असावा लागतो. जोडपें प्रौढ होऊं लागलें कीं बाकीच्यांना तें एका कोपऱ्यांत पिटाळतें आणि एकेकाचा बळी घेतें. त्यांना देण्यासाठीं दुसरीं घरें ठरलेलीं नसतील तर या रीतीच्या नादीं लागूं नये.

समुद्रफूल टांकींत असलेंच पाहिजे असा समज सर्वत्र आहे. तें नसल्यास मासे झुरतात असें मानून पुष्कळजण मासे आणि समुद्रफूल एकाच दिवशीं घरीं आणतात. समुद्रफुलाला प्रखर प्रकाश आणि पुष्कळ महिने स्थिरावलेलें पाणी लागतें. नव्या टांकींत तें सहसा मरतें, आणि मरतांना सर्व पाणी नासवून माशांनाहि घेऊन जातें. शिकारी मासे जेथें नाहींत तेथें विदूषक माशाला अभय देणाऱ्याची गरज उरत नाहीं. एखादा खडकाचा कोनाडा, आडवी ठेवलेली मातीची कुंडी, कौलाचा तुकडा, फार काय पंपाची मागची बाजूसुद्धां तो घर म्हणून पसंत करितो. जिवंत प्रवाळ आणून ठेवण्याचा विचार तर हिंदुस्थानांत करूंच नये. खडक बांधणारे प्रवाळ २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत आहेत. मासे घेतांनाहि ते पैदास केंद्रांत वाढलेले आहेत कीं समुद्रांतून पकडलेले, याची चौकशी करावी. या माशांची पैदास माणसाला साधलेली आहे. आपल्याकडे केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेनेंहि ती यशस्वी केली आहे. पैदासींत वाढलेला मासा टांकीच्या खाण्याला सरावलेला असतो, आणि त्याच्यापायीं समुद्रांतील एकहि घर मोडत नाहीं.

टांकी एका जोडीसाठीं निदान शंभर लिटरांची असावी. पाण्याचें तपमान २५ ते २७ अंश सेल्सिअस राखावें. आपल्याकडील उन्हाळ्यांत तें तीसाच्या वर जाऊं पाहतें, व त्यासाठीं पंख्याची किंवा पाणी थंड ठेवणाऱ्या यंत्राची तजवीज लागते. दुसरे मासे ठेवावयाचे असतील तर ते आधीं सोडावेत आणि विदूषक मासे शेवटीं. घरमालक आधीं आला तर भाडेकरूंना तो टिकूं देत नाहीं.

जोडी जमल्याचें लक्षण रात्रीं दिसतें: दोघे एकाच ठिकाणीं, अंगाला अंग लावून विसांवतात. पुढें मोठी झपाट्यानें वाढते, लहान मागें राहतो. वर्ष-दीड वर्षांत, कधीं अधिक काळानें, ते आपल्या जागेजवळचा दगड किंवा कौल तोंडानें घांसूनपुसून स्वच्छ करूं लागले कीं अंडीं घालण्याची वेळ जवळ आली असें समजावें. मादी शेंकडों नारिंगी अंडीं ओळीनें चिकटवीत जाते आणि नर मागून तीं फळवीत जातो. त्यानंतर मादी पहारा करिते, व बाळंतघराचें सर्व काम नराकडे येतें: परांनीं वारा घालणें, तोंडानें अंडीं साफ करणें, खराब झालेलीं काढून टाकणें. या दिवसांत टांकींत हात घालणाऱ्याला चावा बसतो. तो मुकाट्यानें सोसावा. आठवड्याच्या सुमारास, दिवे मालवल्यावर तास-दोन तासांत अंडीं फुटतात. पिलांना प्रथम 'रोटिफर' नांवाचे सूक्ष्म जीवच खाऊं घालावे लागतात. त्यांची पैदास निराळी करावी लागते, म्हणून तें प्रकरण साध्या हौसेच्या पलीकडचें आहे. एकदां बसलेली घडी मात्र दोन-तीन आठवड्यांच्या अंतरानें, वर्षानुवर्षें चालूं राहते.

हीं वर्षें किती, याचा अंदाज मासे विकत घेतांना सहसा कोणी करीत नाहीं. बस्टन यांनीं २००७ सालीं सहकाऱ्यासह केलेल्या गणितावरून पर्क्युलाची मादी समुद्रांत सुमारें तीस वर्षें जगूं शकते. म्हणजे शाळकरी मुलाच्या हट्टासाठीं आणलेला मासा त्या मुलाच्या लग्नानंतरहि टांकींत असूं शकेल. इतक्या दीर्घ काळांत दोघांपैकीं एकाला आधीं मृत्यु येणार हें उघड आहे, आणि पुष्कळ घरीं पुन्हां तीच जुनी चूक होते ती त्या वेळीं. नर मेला असेल तर उरलेली मादीच असते. तिला लहान, कोंवळा सोबती पाहावा. मादी मेली असेल तर घाईनें दुसरी मोठी मादी आणण्याचें कांहींच कारण नसतें. उरलेला नर कांहीं आठवड्यांपासून कांहीं महिन्यांपर्यंतच्या अवधींत स्वतःच मादी होण्याच्या मार्गाला लागतो, अंगानें भरतो, आणि ज्या कोपऱ्यांत तो इतकीं वर्षें थरथरत राहिला त्या कोपऱ्याचा मालक होतो. त्यालाहि मग असाच एक लहान मासा आणून द्यावा, डब्यांत घालून, दिवे मालवल्यावर.